मदत हवी आहे: दोन लहान मुलं, एक आजी आणि चार रात्रींची शहर-सहल

पानगळ

मुलगी ५ वर्षांची, मुलगा २३ महिन्यांचा, आम्ही दोघं आणि सासूबाई (चालतात, पण जिने नको वाटतात). परदेशातल्या एका मोठ्या शहरात चार रात्री राहायचं आहे. तिथलं घड्याळ घरच्यापेक्षा ३ तास मागे आहे. विमानाची तिकिटं या आठवड्यात काढायची आहेत, मुक्काम अजून ठरलेला नाही. तिथे असतानाच मुलाचा दुसरा वाढदिवस येतो.

पहिल्या पूर्ण दिवसाचा कच्चा आराखडा: ९ वाजता संग्रहालय, ११ ला राजवाडा, १ वाजता जेवण, २ ते ५ प्राणिसंग्रहालय, ६ ला उंच मनोरा, ८ ला नदीकाठचा दिव्यांचा खेळ. पुढचे दोन दिवसही साधारण असेच.

प्रश्न असे: हे जास्त होतंय का? बाबागाडी न्यावी की कॅरियर पुरेल? आणि शहराबाहेरचं दोन खोल्यांचं अपार्टमेंट घ्यावं की मध्यवस्तीतल्या हॉटेलच्या खोल्या?

उलटा नकाशा

जास्त होतंय हे खरं, पण त्याहून मोठी अडचण घड्याळाची आहे. तुमचा आराखडा तिथल्या वेळेत आहे आणि मुलं पहिले दोन दिवस घरच्या वेळेत असणार.

मुलगा घरी सकाळी ७ ला उठत असेल, तर तिथे पहाटे ४ ला उठेल. दुपारी दीडला झोपत असेल, तर तिथे साडेदहाला पेंगेल, म्हणजे नेमकं राजवाड्याच्या रांगेत. रात्री ९ ची झोप संध्याकाळी ६ ला येईल, तेव्हा तुम्ही मनोऱ्याखाली असाल. ८ चा दिव्यांचा खेळ त्याच्या शरीरासाठी रात्री ११ ला आहे.

शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं. चार रात्रींसाठी ते पूर्ण बदलायच्या फंदात पडू नका, अर्ध्यावर गाठा. निघण्याआधीचे तीन दिवस झोप, जेवण, उठणं असं सगळंच रोज अर्धा तास उशिरा करा, म्हणजे दीड तासाचा फरक घरीच मिटतो. तिथे पोहोचल्यावर संध्याकाळी मुलांना उजेडात बाहेर ठेवा, त्याने झोप पुढे ढकलली जाते. पहाटे जाग आली तर खोलीत अंधारच ठेवा, पडदे उघडू नका.

एवढं करून मुलगा पहिल्या दिवशी साडेपाचच्या सुमारास उठेल आणि दुपारची झोप बाराला येईल. आखणी त्यावर बेतायची. सकाळचे तीन-चार तास हे तुमचं भांडवल आहे, प्रेक्षणीय जे असेल ते तिथे खर्च करा. दुपारनंतर फक्त एक गोष्ट, तीही बागेसारखी, जिथे तिकीट फुकट गेल्याची हळहळ नाही.

हॉटेलचा नाश्ता बहुतेक ठिकाणी ७ च्या आधी सुरू होत नाही. दूध, फळं, बिस्किटं आदल्या संध्याकाळीच खोलीत आणून ठेवा, नाहीतर ते दीड तास फार लांब जातात.

तिकीटघर

तुम्ही न विचारलेलं पण आधी बघायला हवं असं: मुलाचं तिकीट.

मांडीवरचं बाळ म्हणून जे स्वस्त तिकीट मिळतं ते २ वर्षं पूर्ण होईपर्यंतच. वय प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी मोजतात, बुकिंगच्या दिवशी नाही. जाताना तो मांडीवर चालेल, पण परतीच्या दिवशी २ पूर्ण झालेले असतील, तेव्हा त्याला स्वतंत्र आसन लागेल. विमान कंपन्यांच्या वेबसाइटवर दोन्ही बाजूंना 'बाळ' निवडलं तर कधी बुकिंग पुढे सरकत नाही, कधी बिनबोभाट होऊन जातं आणि परतीच्या काउंटरवर अडकतं. त्यामुळे कंपनीला फोन करून जाताना बाळ आणि येताना मूल असं करून घ्या. काही कंपन्या अशा वेळी दोन्ही बाजूंना मुलाचंच भाडं लावतात, ते आधी कळलेलं बरं. परवडत असेल तर जातानाही आसन घ्याच. या वयाचं मूल मांडीवर घेऊन काही तास बसणं म्हणजे पोहोचायच्या आधीच थकणं.

द्रवाची १०० मिलिलिटरची मर्यादा बाळाच्या दुधाला आणि खाण्याला सहसा लागू नसते, पण ते वेगळं काढून दाखवावं लागतं, बॅगेच्या तळाशी ठेवू नका. आणि कानांबद्दल: विमान उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधीच खाली यायला लागतं, दडे तेव्हापासून बसतात. धाकट्याला त्या वेळी जागं ठेवून बाटली किंवा स्ट्रॉने काहीतरी प्यायला द्या. चाकं टेकताना दिलेल्या घोटाचा उपयोग नाही.

साखरझोप

उलटा नकाशा यांच्या घड्याळाला पूर्ण अनुमोदन. बाबागाडी न्याच, पण पाठ आडवी होणारी. अगदी हलक्या छत्रीघडीच्या गाड्यांत पाठ सरळच राहते, मूल झोपलं की मान पुढे लोंबते आणि वीस मिनिटांत उठतं. आडव्या गाडीत दीड तास नीट झोपलं तर परत खोलीवर जायची गरजच नाही. तोवर आजी आणि मुलगी बसून काहीतरी खातील.

ऊन लागू नये म्हणून गाडीवर चादर किंवा ओढणी टाकतात ते मात्र टाळा. हवा कोंडते आणि आतलं तापमान झपाट्याने चढतं. गाडीचं छत आणि झाडाची सावली पुरते. हँडलला जड पिशव्याही अडकवू नका. मूल उतरलं की गाडी मागे कलंडते.

उलटा नकाशा

साखरझोप, एक दिवस गाडीत झोप ठीक आहे. सलग तीन दिवस नाही. १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास झोप लागते, ३ ते ५ वर्षांच्या मुलाला १० ते १३. गाडीतली झोप बहुतेक वेळा अर्धवट मोडते, आणि त्याची वसुली तिसऱ्या संध्याकाळी होते. शिवाय इथे प्रश्न फक्त धाकट्याचा नाही. आजींनाही दुपारी दोन तास पाय वर करून बसायला मिळायला हवेत.

म्हणून मुक्काम मध्यवस्तीतच. शहराबाहेरून मध्यात यायला ४० मिनिटं लागत असतील तर दुपारी खोलीवर जाऊन परत येण्यात ८० मिनिटं जातात, आणि मग कोणी जातच नाही. मोठं स्वयंपाकघर असलेली जागा त्या अंतरावर असेल तर तिचा उपयोग फक्त रात्री.

पानगळ

तिकिटाचं लक्षातच आलं नव्हतं, आभार! मध्यवस्तीत दोन खोल्यांचं अपार्टमेंट परवडण्यासारखं नाही. हॉटेलच्या दोन खोल्या घेतल्या तर? आणि मेट्रोत बाबागाडीचं कसं जमवायचं? टॅक्सीत कारसीट नसते म्हणे.

सरकता जिना

दोन खोल्या घेत असाल तर 'शेजारी' आणि 'आतून दाराने जोडलेल्या' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी मागा आणि लेखी घ्या. बुकिंगच्या वेबसाइटवरची सूचना ही विनंतीच असते. हॉटेलला थेट मेल करून पाच गोष्टी विचारा: जोडखोल्या नक्की का, लिफ्ट तळमजल्यापासून आहे का (बऱ्याच जुन्या इमारतींत लिफ्टच्या आधी अर्धा जिना असतो, आजींसाठी तोच महत्त्वाचा), घडीची खाट मिळेल का, पडदे जाड आहेत का, खिडक्या किती उघडतात. खोलीत शिरल्यावर पहिलं काम: खिडकीखालची खुर्ची-टेबल हलवा आणि किटलीची वायर वर उचला. लोंबती वायर धाकट्याच्या बरोब्बर हातात येते.

मेट्रो: नकाशावर स्टेशन दिसतं, लिफ्ट दिसत नाही. मेट्रोच्या स्वतःच्या नकाशावर बिनपायरीची स्टेशनं बहुधा वेगळ्या खुणेने दाखवलेली असतात, आणि बंद लिफ्टची यादी रोज बदलते, ती सकाळी बघा. हॉटेल निवडतानाच जवळच्या स्टेशनला लिफ्ट आहे ना हे तपासा. सरकत्या जिन्यावर मूल बसलेली गाडी न्यायची नाही, उचलून धरूनही नाही. मूल कडेवर, गाडी घडी करून.

गर्दीत दार बंद होऊन फाटाफूट झाली तर काय, हे आधी ठरवा. गाडीत असलेल्या मोठ्या माणसाने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, फलाटावरच्यांनी पुढची गाडी पकडून त्याच स्टेशनवर उतरायचं. कोणीही उलट फिरायचं नाही, नाहीतर दोघं एकमेकांना ओलांडत राहतात. एकटं मूल आत राहिलं तर फलाटावरचं आपत्कालीन बटण लगेच. चढताना एक मोठा माणूस आधी, मग मुलं, दुसरा शेवटी. उतरतानाही तसंच.

टॅक्सी: बऱ्याच देशांत टॅक्सीला कारसीटच्या नियमातून सूट आहे. सूट कायद्यातून आहे, धडकेतून नाही. मूल मांडीवर घेऊन दोघांवर एकच पट्टा लावणं सगळ्यात वाईट, कारण धडकेत तुमच्या वजनाखाली मूल चिरडतं. विमानतळ ते हॉटेल एवढ्यासाठी कारसीटवाली गाडी आधी बुक करा. सांगताना वयासोबत वजन आणि उंचीही सांगा; सीट त्यावर ठरते. मुलीसाठी बूस्टर मागा. शहरात मेट्रो, ट्राम, बस. ५ वर्षांच्या मुलीचे पाय दुपारी संपतात, त्यासाठी बाबागाडीच्या मागे लावायची चाकाची फळी मिळते, तिच्यावर ती उभी राहते. जोडगाडी नको, जुन्या लिफ्टच्या दारात अडकते.

औषधपेटी

थोडं औषधांचं. तापाचं सिरप घरचंच न्या, आणि डॉक्टरांकडून मात्रा मिलिलिटरमध्ये नाही, मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर असते, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. सिरपची तीव्रता देशोदेशी वेगळी असते. समजा मूल १२ किलोचं आहे आणि डॉक्टरांनी १८० मिलिग्रॅम सांगितलं. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ते ७.५ मिलिलिटर होतं. ५ मिलिलिटरमध्ये २५० असलेल्या बाटलीतून तेच ३.६. नवी बाटली घेऊन सवयीने ७.५ दिलं तर ३७५ मिलिग्रॅम जातात, दुपटीहून जास्त. मोजायची सिरिंज सोबत ठेवा, चमच्याचा अंदाज नको.

ओआरएसच्या पुड्यांवर लिहिलेलं पाणी मोजूनच घाला. १ लिटरची पुडी असेल तर पूर्ण पुडी पूर्ण लिटरमध्ये, अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात नाही. घट्ट झालं तर जुलाब वाढू शकतात. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. नेहमीची औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह.

हरवण्याबद्दल: रोज सकाळी निघताना दोघांचा आजच्या कपड्यांतला फोटो काढा. तुमचा फोन नंबर देशाच्या कोडसकट मनगटाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहा, चिठ्ठी खिशात टिकत नाही. मुलीला एवढंच शिकवा: आई-बाबा दिसेनासे झाले की जागेवर थांबायचं, शोधायला जायचं नाही.

उलटा नकाशा

तुमचा पहिला दिवस असा करून बघा. उठल्यावर खोलीत थोडं खाणं, साडेसातला जवळच्या बागेत किंवा नदीकाठी, तेव्हा शहर रिकामं असतं. संग्रहालय उघडण्याच्या वेळेचं तिकीट ऑनलाइन, आत जास्तीत जास्त एक तास. दुकानातून आधी तीन पोस्टकार्डं घ्या आणि मुलीला त्या वस्तू शोधायला लावा, नाहीतर दालनामागून दालनं तिला सारखीच दिसतात. बाबागाडी आणि पाठीवरचं सांगाड्याचं कॅरियर पुष्कळ संग्रहालयांत चालत नाही, कापडी झोळी चालते, तेव्हा दोन्ही ठेवा. अकराला जेवण, गर्दीच्या आधी. बारा ते अडीच खोली. तीनला खेळाचं मैदान, साडेपाचला जेवण, सातला अंथरूण.

प्राणिसंग्रहालय दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताच. दुपारी बरेच प्राणी झोपलेले असतात आणि आवार मोठं असतं. अर्धंच बघायचं ठरवून जा, आणि प्रवेशद्वारापासून लांबच्या टोकाला सुरुवात करा, म्हणजे परतीचं चालणं कमी होतं. राजवाडा किंवा मनोरा यातलं एकच. मनोऱ्याला रांगा दोन असतात, तपासणीची आणि वरच्या लिफ्टची, आणि तिकिटावरची वेळ फक्त पहिल्या रांगेची असते. दिव्यांचा खेळ शेवटच्या रात्री, आणि तोही एकाच पालकाने मुलीला घेऊन जायचं. धाकटा आणि आजी खोलीवर.

एक राहिलं: नकाशाच्या ॲपमधली चालण्याची वेळ प्रौढ माणसाच्या वेगाची, ताशी सुमारे ५ किलोमीटर. तुमच्यासाठी ती दुप्पट धरा. आणि आठवड्याची सुट्टी बघा, बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

पानगळ

वाचून हायसं वाटलं. मनोरा काढून टाकला. शेवटच्या दिवशी चेकआउट ११ ला आहे आणि विमान रात्री ९ ला. मधले तास?

सरकता जिना

एक खोली संध्याकाळी ५ पर्यंत वाढवून घ्या, दुसरी ११ ला सोडा. अर्ध्या दिवसाचं भाडं लागेल, पण झोप, अंघोळ, डायपर, बॅगा सगळं तिथेच होतं. सामान लॉबीत ठेवून बाहेर फिरत राहण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. वाढीव वेळ आदल्या रात्री नव्हे, बुकिंग करतानाच मागा, कारण पुढचा पाहुणा ठरला की ती मिळत नाही. विमानात दोघांचे कपड्यांचे दोन-दोन जोड आणि तुमच्यासाठी एक वरचा कपडा हातातल्या बॅगेत ठेवा. उलटी झाली तर ती मांडीवरच होते.

तिकीटघर

आणि परतीच्या बोर्डिंग पासवर धाकट्याच्या नावापुढे आसन क्रमांक छापलेला आहे का, ते ऑनलाइन चेक-इन सुरू होताच बघा. जाताना बाळ, येताना मूल असं मिश्र बुकिंग असलं की तो क्रमांक कधीकधी आपोआप येत नाही. मग विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी जा आणि एकत्र आसनं मागा.