सिबिल खराब आहे म्हणून विद्यार्थ्याला बँक खातं नाकारलं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या मावसभावासाठी विचारते आहे. हिंगोलीकडचा मुलगा, यंदा पुण्यात इंजिनिअरिंगला लागला, वसतिगृहात राहतो. बारावीनंतर वर्षभर एका दुकानात कामाला होता, तेव्हा हप्त्यावर मोबाइल घेतला. मग त्याच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या काकांचं, ऑपरेशन निघालं, पगार तिकडे गेला आणि हप्ते थकले. आता सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, ६०० च्या खाली आहे आणि वसुलीवाल्यांचे फोन चालूच आहेत.

गावाकडचं खातं त्या हप्त्यांना जोडलेलं आहे. ऑटो-डेबिट बाउन्स होतं, वर बँकेचा दंड चढतो. पैसे आले की कापलेच जातात. महाडीबीटीची (राज्य सरकारच्या पोर्टलवरची) शिष्यवृत्ती त्याच खात्यात गेली तर मेसचे पैसे कुठून भरणार? म्हणून पुण्यात नवं खातं काढायला गेला, तर एका शाखेत काउंटरवरूनच सांगितलं, "सिबिल खराब आहे, खातं निघणार नाही." पोरगं इतकं खचलंय की दुसऱ्या बँकेची पायरी चढायला तयार नाही.

असा काही नियम खरंच आहे का? आणि शिष्यवृत्ती नव्या खात्यात वळवता येते का? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद १

ताई, साध्या बचत खात्याला सिबिल लागत नाही. सिबिल कर्ज आणि क्रेडिट कार्ड देताना बघतात. बचत खात्यात पैसे आपले असतात, बँकेचे नाहीत. त्याने काउंटरवर नेमकं काय मागितलं ते विचारा. काही ठिकाणी विद्यार्थ्यांना खात्यासोबत क्रेडिट कार्डाचा फॉर्मही पुढे करतात, आणि नकार त्या कार्डाला असतो.

त्याला म्हणावं, शाखेत जाऊन 'बेसिक सेव्हिंग्ज' म्हणजे बीएसबीडी खातं माग. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, एटीएम कार्ड फुकट मिळतं. त्याच बँकेत दुसरं बचत खातं मात्र चालत नाही. आधार आणि पॅन न्यावं. तरीही नाही म्हणाले तर कारण लेखी मागावं, बँकेकडे तक्रार द्यावी, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करावी. तिला फी नाही.

प्रतिसाद २

खातं निघालं तरी खरं काम पुढे आहे. महाडीबीटीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. आधार अनेक खात्यांना दिलेलं असलं तरी अनुदानासाठी एकच बँक नोंदलेली असते. नवं खातं काढून त्याचं आधार सीडिंग केलं नाही, म्हणजे अनुदानासाठी ते आधारला जोडलं नाही, तर पैसे गावाकडच्याच खात्यात पडतील. म्हणून नव्या शाखेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंगचा फॉर्म भरून द्यायचा आणि यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' मध्ये नव्या बँकेचं नाव दिसतंय का ते बघायचं. शिष्यवृत्तीचा हप्ता सुटण्याआधी हे व्हायला हवं.

जुन्या खात्यावरचं ऑटो-डेबिट थांबवायला त्या बँकेत लेखी अर्ज देता येतो. दंड थांबेल, कर्ज मात्र तसंच राहील. ते फेडताना कंपनी 'सेटलमेंट' सुचवेल. थोडी रक्कम माफ होते, पण सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे कर्ज देणारा त्यावर अडतो. जमेल तसं पूर्ण फेडून एनओसी, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, घ्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सीडिंगचं अजिबात माहीत नव्हतं, आज रात्रीच त्याला फोन करते. एक राहिलं: पुढच्या वर्षी शैक्षणिक कर्ज लागलं तर हे थकलेले हप्ते आड येतील का?

प्रतिसाद २

येऊ शकतात. पालक सहकर्जदार असतात, म्हणून काकांचाही अहवाल बघतील. सिबिल आणि कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इतर तिन्ही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो, दोघांचाही आत्ताच काढा. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोज १०० रुपये भरपाई आपल्याला मिळते. मोबाइलचं कर्ज मात्र अर्ज करण्याआधी मिटवा.