आईशी बोलणं बंद आहे, आता तिचं गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. न भेटता मदत कशी करावी?

सल्ला हवा आहे, पण आधीच सांगते: समेट कसा करावा हे नको. ते नातेवाइकांकडून पोटभर मिळालंय.

मी नेरूळला राहते, आई ठाण्यात, नौपाड्यात. लेक वर्षाची व्हायच्या आतच मी आईशी संबंध तोडले. लेक आता दुसरीत आहे. बाहेर विचाराल तर आईइतकी गोड बाई नाही. भजनी मंडळ तिचं, भिशी तिची, शेजारी कुणी आजारी पडलं की पहिला डबा तिचा. घरात मात्र माझी डायरी पाहुण्यांना वाचून दाखवायची आणि मी रडले की "नाटकं बघा हिची". नोकरी लागल्यापासून लग्नापर्यंत माझं एटीएम कार्ड तिच्या कपाटात. हे सगळं गिळलं. पण बाळंतपणानंतर मी खचले होते तेव्हा तिने माझ्या सासूबाईंना फोन करून सांगितलं, "हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, मूल हिच्याजवळ ठेवू नका." तिथे संपलं. सासूबाईंनी ते मनात न ठेवता मलाच येऊन सांगितलं, हे माझं नशीब.

त्यानंतरचं आयुष्य वाईट नाही. मुद्दाम लिहितेय, कारण लोकांना वाटतं मी उशीत तोंड खुपसून रडत असेन. उलट झोप लागते. फोन वाजला की पोटात गोळा येत नाही. त्रास होतो तो भलत्याच गोष्टींचा. राम मारुती रोडची दिवाळी पहाट सोडली, खरेदी वाशीला करते, कारण ठाण्यात कुणीतरी ओळखीचं भेटतंच आणि "आई काय म्हणते?" विचारतं. गौरी आल्या की सोसायटीतल्या बायका "यंदा माहेरी कधी?" म्हणतात, मी "बघू" म्हणते. आणि लेक! शाळेतल्या आजी-आजोबा दिवसाला सासूबाई जातात, तेवढ्याने इतकी वर्षं भागलं. परवा म्हणाली, "तुझी आई कुठे असते?" ठाण्याला, म्हटलं. "मग आपण का नाही जात? इथून तर थेट ट्रेन आहे."

आता मूळ प्रश्न. आईचे दोन्ही गुडघे बदलायचे आहेत. दादा पुण्याला असतो, धावपळ तोच करतोय. मावशीने मेसेज करून माझा वाटा विचारला. मी लगेच हो म्हटलं, रक्कम थेट हॉस्पिटलात भरते असं कळवलं. त्यावर आईचा निरोप: "पैसे नकोत. तिला म्हणावं उशाशी येऊन बस, नाहीतर मी ऑपरेशनच करून घेत नाही." दादा म्हणतो लक्ष देऊ नकोस, तारीख ठरलेली आहे. मावशी म्हणते काही बरंवाईट झालं तर पाप तुझ्या माथी.

मला जायचं नाही. मदत करायची आहे. हे दोन्ही जमवलंय का कुणी? आणि कायद्याने मी कुठे अडकते का?

ऐरोलीकर: कायद्यापुरतं सांगतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे ज्या आईवडिलांचं स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर भागत नाही, ते मुलांकडे निर्वाहखर्च मागू शकतात. मूळ कायद्यात त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे. लग्न झालेली मुलगीही सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच, तेव्हाच्या फौजदारी कायद्यातल्या पोटगीच्या कलमाखाली, तसं स्पष्ट केलं, आणि ती केस आपल्या कल्याणच्याच एका डॉक्टरबाईंची होती. पण निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. उशाशी बसणं त्यात येत नाही. काकूंना पेन्शन आहे का, घर कुणाच्या नावावर आहे, हे दादाला विचारून ठेवा.

भरलं_वांगं: आई ती आईच असते हो. उद्या ती नसेल तेव्हा पस्तावाल.

खारेगावची: भरलं_वांगं, ताईंची पहिली ओळ परत वाचा.

ताई, मी वडिलांच्या बाबतीत यातून गेलेय. वाटा "देते" म्हणून कळवत बसू नका, त्यावर वाटाघाटी सुरू होतात. दादाकडून पेशंटचा नोंदणी क्रमांक घ्या, पैसे ऑनलाइन भरा, पावती त्याला पाठवा. आणि खरी गरज ऑपरेशननंतर लागते. वॉकर धरून लवकर चालवतात, पण घरी आल्यावर काही आठवडे सोबत लागते. ब्यूरोतून मदतनीस बाई आणि घरी येणारा फिजिओ, हे दोन खर्च तुम्ही उचला. दादाला रजा मिळत नसेल तर त्याला याची किंमत कळेल. आईंना मेडिक्लेम नसेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर आयकरात उपचारखर्चावर ५०,००० पर्यंत वजावटही मिळते, फक्त रोखीने देऊ नका.

मावशींना एकदाच उत्तर द्या. लेकीला तिच्या वयाचं खरं सांगा: "ती माझ्याशी वाईट वागायची, म्हणून मी जात नाही." मुलांना पुरतं तेवढं. रात्री फारच घालमेल झाली तर टेलिमानसला (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मूळ लेखिका: पेन्शन आहे (बाबांची), घर तिच्याच नावावर. ब्यूरोचं दादाला आत्ताच सांगितलं, तो अक्षरशः सुटल्यासारखा हसला. मावशीसाठी हे लिहिलंय: "मदतनीस आणि फिजिओचा खर्च मी करते आहे, दादाशी ठरलंय. मी भेटायला येणार नाही. मला वाईट वाटतं, पण माझा निर्णय तोच आहे." बरोबर आहे ना?

खारेगावची: "वाईट वाटतं" काढा. मावशी तेवढीच ओळ आईला वाचून दाखवतील.