दाढ काढली, दुखलं न्हाई पण ओढलेलं कळत होतं, असं कसं?

रंकाळ्याचा_वारा: काल राजारामपुरीत दाढ काढून आलो. इंजेक्शननं अर्धा ओठ बटाटेवड्याएवढा सुजल्यागत वाटायला लागला, आरशात बघतोय तर सगळं जागच्या जागी. दुखलं अजिबात न्हाई, पण डॉक्टर ओढत होते ते मात्र चांगलं कळत होतं. औषध मेंदूत जातंय काय ओ?

पांढरा_रस्सा: न्हाई भावा, मेंदूला पत्ताच लागू देत न्हाई ते. बहुतेक लिग्नोकेन असणार, 1943 सालचं स्वीडनचं औषध. नसेत सिग्नल पुढं सरकतो तो सोडियमचे कण बारीक बारीक दारांतनं आत घुसले की, आणि हे औषध ती दारंच आतनं बंद करतंय. दुखण्याचा निरोप नेणारे तंतू बारीक, ते आधी गप्प होतात, दाब सांगणारे जाडजूड, ते लवकर दाद देत न्हाईत.

शाहूपुरीकर: मला तर छातीत लई धडधडलं, वाटलं आटपलं आता.

पांढरा_रस्सा: त्यात बऱ्याचदा अ‍ॅड्रेनालीन मिसळतात, त्यानं रक्तवाहिन्या आवळतात आणि औषध तिथंच जास्त वेळ टिकतंय. धडधड त्याची असू शकते, पुढच्या वेळी डॉक्टरांना आधी सांग.

रंकाळ्याचा_वारा: बरं, मिसळ कधी खाऊ?

मिरची_आक्का: गप बस रे! माझ्या पोरानं बधिर ओठ चावून रक्त काढलं, कळलं पण न्हाई त्याला. आणि मिरचीतलं कॅप्सेसिन गरम ओळखणाऱ्या तंतूंनाच उठवतंय, ताज्या जखमेवर कट ओतलास तर गल्ली गोळा करशील. दहीभात खा.