दोन्ही माद्या म्हणून दिल्या, एक नर निघाला, आता कुंदा गाभण आहे, काय करू सांगा

शहापूर_बेळगाव:
नमस्कार, घाईत लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत लेकीसाठी दोन गिनी पिग आणल्ते, दुकानवाला दोन्ही माद्याच आहेत म्हणून खात्रीनं सांगत होता, दीड महिन्याच्या असतील म्हणाला. एक खव्यासारख्या रंगाची, तिचं नाव लेकीनं कुंदा ठेवलं, दुसरी पांढरी पण अंगभर करडे केस मिसळलेली, ती साखर. संक्रांतीला माझा भाऊ आल्ता खानापूरहून, त्याच्याकडं शेळ्या आहेत, त्यानं कुंदाला हातात घेतलं आणि म्हणाला अक्का ही गाभण हाय की, आणि साखरला उलटं करून बघितलं तर सरळ सरळ नर.

आणली तेव्हा कुंदा साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास होती, आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९६० भरली. बसली की पोट दोन्ही बाजूला पसरतं, वरून बघितलं तर नासपतीसारखी दिसते. काल रात्री लेकीनं मांडीवर घेतलं तर आतून हाताला टुकटुक लागलं, लेक एकदम गप्प झाली, मग मला म्हणाली आई हिला काय होणार नाही ना. तेव्हापासून मला झोप नाही.

जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आले, तिथले म्हणालेत आम्ही गाई-म्हशी आणि कुत्री बघतो, याचं आम्हाला जास्त माहिती नाही. किती दिवस लागतात, खायला काय द्यायचं, आणि साखरला वेगळं काढायचं काय? दोघं चिकटून झोपतात, वेगळं केलं तर ती खाणंच सोडेल अशी भीती वाटते. कुणी पाळलेत त्यांनी सांगा प्लीज.

टिळकवाडीची_काकू:
बाळ, पहिली गोष्ट, साखरला आजच वेगळा काढ. उद्या नको, हे वाचून झालं की काढ. गिनी पिगची मादी बाळंत झाली की काही तासांतच परत माजावर येते, नर शेजारी असला तर पिल्लं अजून ओली असताना ती परत गाभण राहते. म्हणजे एकीकडं दूध पाजायचं, दुसरीकडं पोटात नवी पिल्लं वाढवायची, शरीर साथ देणार कुठून.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही, आमच्याकडं झालंय. आम्ही नर तसाच ठेवला, मला वाटलं बाप आहे, असू दे. चार पिल्लं झाली, सगळं घर खूश. पासष्टाव्या की सहासष्टाव्या दिवशी तिला परत तीन झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पहिल्या चारातल्या एकीला दोन झाली, तिची स्वतःची वाढ पण पुरी झाली नव्हती. दोनाचे अकरा, चार महिन्यांच्या आत. आई शेवटी इतकी हडकली की पाठीवरून हात फिरवला तर मणके मोजता यायचे. ती गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात. माझा जीव अजून तुटतो तिच्यासाठी, आमच्या अज्ञानानं गेली ती.

एकटी पडेल ही भीती बरोबर आहे, म्हणून साखरचा पिंजरा शेजारीच ठेव, आवाज आणि वास येऊ दे. फक्त मधे एकच जाळी ठेवू नको, चार बोटं तरी अंतर ठेव, मोठ्या भोकांच्या जाळीतून सुद्धा नर काम करून मोकळा होतो.

निपाणी_हायवे:
ताई एवढं टेन्शन घेऊ नका. जनावरं आहेत ती, निसर्ग सगळं शिकवतो त्यांना, जंगलात कोण डॉक्टर असतो. आमच्या ओळखीत एकजण घरीच जोड्या लावतो आणि पिल्लं ३००-४०० ला विकतो, चांगली जातात. पोट जास्तच फुगलं, सुस्त वाटली तर लहान मुलांचं अँटिबायोटिक असतंय ना ते गुलाबी औषध, त्याचे दोन थेंब द्या, आमच्या सशाला दिल्तं.

खानापूर_रोड:
वरच्या भावांना हात जोडून सांगते, असलं सांगू नका. निसर्ग शिकवतो म्हणूनच मी पण गप्प बसल्ते.

आमची मनी सव्वा दोन वर्षांची होती, कधी व्यालेली नव्हती. चुलत नणंदेच्या मुलाकडं नर होता, सगळे म्हणाले एकदा तरी पिल्लं होऊ दे, मुलांना बघायला मिळेल, म्हणून आठ दिवस आणून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं की मादीचं पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांच्या आत झालं नाही तर कमरेखालच्या हाडाचा सांधा जुळून घट्ट होतो. लहान वयात तो सांधा बाळंतपणाच्या वेळी सैल होऊन बोटभर उघडतो, मोठेपणी तो उघडतच नाही. आणि गिनी पिगचं पिल्लू उंदरासारखं इवलंसं नसतं, डोळे उघडे, अंगावर केस, दात आलेले, सत्तर-ऐंशी-नव्वद ग्रॅमचं पुरं तयार पिल्लू असतं. एवढं मोठं डोकं बंद हाडातून येणार कसं.

रात्री साडेदहाला ती कळा द्यायला लागली. कोपऱ्यात अंग गोळा करून बसलेली, केस उभे, दर थोड्या वेळानं मान खाली घालून मागं तोंड न्यायची आणि एक बारीक चिरका आवाज काढायची. आम्ही बसून राहिलो, होईल होईल म्हणून. पिल्लाचं नाक दिसत होतं आणि पुढं सरकत नव्हतं. एक वाजता गाडी काढली, ज्यांना फोन लावला त्यातले कुणी उचलले नाहीत, जे उचलले ते म्हणालेत सकाळी आणा. पहाटे माझ्या ओढणीत गेली ती, पोटात तीन होती. नंतर कळलं की अशा वेळी सिझेरियन करतात, पण तेही सोपं नसतं, त्यात सुद्धा बऱ्याच जातात.

कुंदाचं वय चार महिन्यांच्या आसपास येतंय तुमच्या हिशोबानं, म्हणजे हाड अजून जुळलेलं नसणार, हा मोठा दिलासा आहे ताई. पण कळा सुरू झाल्यावर वीस मिनिटं जोर करून पिल्लू आलं नाही, किंवा नुसतं रक्त जायला लागलं, तर अर्धा तास पण थांबू नका. आणि कुणाकडं न्यायचं ते आजच ठरवून ठेवा, कोल्हापूर, हुबळी, गोवा, कुठं असे बारके प्राणी बघणारे डॉक्टर आहेत ते आधी फोन करून विचारा, रात्री घेतेत काय हेही विचारा. मी ते केलं नव्हतं.

चिकोडी_पशुवैद्य:
मी पशुवैद्य आहे, माझं जास्त काम म्हशी आणि शेळ्यांचं, पण गेली काही वर्षं घरोघरी हे प्राणी आल्यामुळं वाचावं लागलं आणि काही केसेस पण बघितल्या. खानापूरच्या ताईंनी लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे.

सगळ्यात आधी ते गुलाबी औषध. निपाणीच्या भावांनो, राग मानू नका, पण अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन या गटातलं औषध गिनी पिगला तोंडानं दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरतात, वाईट जंतू माजतात आणि त्या विषानं जनावर काही दिवसांत दगावतं. सशाला पण ते तोंडानं देत नाहीत, तुमचा वाचला हे त्याचं नशीब. घरातली कुठलीच बाटली उघडू नका. नवीन डॉक्टरकडं गेलात तर गिनी पिग आहे, पेनिसिलिन गटातलं नको, हे आपण होऊन बोला, त्यात संकोच करू नका.

ताई, गाभण काळ ५९ ते ७२ दिवस. पोटात पिल्लं कमी असली तर दिवस जास्त, पिल्लं जास्त असली तर कमी. साखर तेव्हा लहान होता पण नर तीन आठवड्यांतच माजावर येऊ शकतो, मादी चार-पाच आठवड्यांत, त्यामुळं आणल्या आठवड्यातच राहिली असेल तरी नवल नाही. ९६० ग्रॅम आणि बाहेरून हालचाल लागतेय म्हणजे शेवटचे दिवस धरून चाला. पोट दाबून पिल्लं मोजायला जाऊ नका. उचलायचीच झाली तर एक हात छातीखाली, एक बुडाखाली, आणि शक्यतो उचलूच नका, टोपलीत चढू द्या आपली आपण.

मला जास्त भीती वाटते ती कीटोसिसची. शेवटचे दोन आठवडे आणि बाळंतपणानंतरचा एक आठवडा, या काळात मादीनं खाणं सोडलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात विष साठतं. लठ्ठ माद्यांना जास्त होतं, पण प्रवास, जागाबदल, कुत्र्याचं भुंकणं, एकाएकी बदललेलं खाणं एवढ्यानंही होतं. लक्षण एकच लक्षात ठेवा, काल शिट्टी वाजवून कोथिंबीर मागणारी आज बघत पण नाही. तसं झालं तर संध्याकाळपर्यंत वाट बघू नका, एकदा आडवी पडली की परत आणणं फार अवघड. म्हणून रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. वाढत असलेलं वजन अचानक थांबलं किंवा उतरलं तर फोन करा.

खाण्याचं. वाळलेलं गवत चोवीस तास समोर पाहिजे. या काळात लसूणघास द्या, त्यात कॅल्शियम आणि प्रोटीन जास्त असतंय, आपल्याकडं म्हशीवाल्यांकडं ताजा मिळतो, फक्त औषध फवारलेला नाही एवढं विचारून घ्या. साखरला तो देऊ नका, मोठ्या गिनी पिगला रोज दिला तर मुतखडा होतो. दुसरं, माणसासारखंच गिनी पिगचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही. एरवी किलोमागं रोज १० मिलिग्रॅम पुरतं, गाभणीला ३० च्या आसपास लागतं. ढोबळी मिरची, कोथिंबीर, पेरूची फोड रोज द्या. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकू नका, काही तासांत त्याचा जोर जातो आणि वास आला की ती पाणीच कमी पिते.

अजून एक, साखरच्या पांढऱ्यात करडे केस मिसळलेत म्हणालात, त्याला रोन म्हणतात. असा रंग दोन्हीकडून आला तर चारातलं एक पिल्लू आंधळं, दात वेडेवाकडे, असं जन्मायची शक्यता असते, बहुतेक जगत नाहीत. कुंदा एकरंगी दिसतेय तर या वेळेला काळजी नको, पण पिल्लांत तो रंग उतरला तर त्यांचा एकमेकांशी किंवा बापाशी संबंध येता कामा नये. दुकानात हे कुणी बघत नाही, दिसायला छान म्हणून जोड्या लावतेत.

शहापूर_बेळगाव:
सगळ्यांचे खूप खूप आभार, काकू तुमचं वाचून त्याच मिनिटाला साखरला काढलं, कपडे धुवायच्या मोठ्या टबात पिंजर घालून ठेवलाय शेजारीच, पहिल्या रात्री दोघं एकमेकांना हाका मारत होती, लेक रडली, पण कुंदानं खाणं सोडलं नाही. लसूणघास वडगावातल्या एका म्हशीवाल्या मामांकडून आणते रोज मूठभर, ते पैसे घेत नाहीत. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांशी बोलून ठेवलंय, रात्री फोन करा म्हणालेत.

शहापूर_बेळगाव:
नऊ दिवसांनी लिहिते. आज पहाटे पाच वाजता कुंदा बाळंत झाली. मी पाणी तापवायला उठल्ते, तर बारीक कुं कुं ऐकू आलं. एक पिल्लू आधीच झाल्तं, दुसरं माझ्या डोळ्यांसमोर आलं, कुंदा पुढं वाकली, दातांनी धरून ओढलं आणि तोंडावरची पिशवी फाडून चाटायला लागली. तिसरं आलं तेव्हा ती पहिल्या दोघांत गुंतलेली, पिशवी तशीच राहिली, तेव्हा मी स्वच्छ कापडानं नाकावरची पुसली आणि हळूच चोळलं, त्यानं एक शिंक दिली. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. वजनं ९१, ८६ आणि ७४. दोन खव्याच्या रंगाची आणि एक बापासारखं करडं. दुपारपर्यंत तिघं आईच्या मागनं रांगेत पळत होती आणि एकानं तर कोथिंबिरीचं पान चावायला सुरुवात केली, माझा विश्वासच बसेना.

दोनच सड आहेत तिला, तिघांना पुरेल काय दूध?

चिकोडी_पशुवैद्य:
अभिनंदन ताई, फार छान सांभाळलंत. तिघांना पुरतं, आळीपाळीनं पितात. रोज तिघांचं वजन करा, पहिल्या दिवसात एक-दोन ग्रॅम उतरलं तर चालतं, तिसऱ्या दिवसापासून चढायला पाहिजे. कुंदाचं खाणं अजून आठवडाभर डोळ्यात तेल घालून बघा, कीटोसिसचा धोका संपलेला नाही.

आता एकविसावा दिवस कॅलेंडरवर लाल पेननं मांडून ठेवा. त्या दिवशी नर पिल्लं आईपासून आणि बहिणींपासून वेगळी, साखरच्या बाजूला. अजून लहान आहेत, दूध पितात म्हणून थांबू नका, त्या वयात ती आईला पण गाभण करू शकतात. ओळखायचं कसं तर मादीला खाली वाय अक्षरासारखी चीर दिसते, नराला गोल ठिपका, आणि त्याच्यावर हलकं दाबलं की लिंग बाहेर येतं. शंका आली तर फोटो टाका किंवा चिकोडीकडं येणं झालं तर घेऊन या, चुकीचं ओळखूनच हे सगळं झालंय. साखरचं ऑपरेशन करायचं असेल तर ज्यांनी गिनी पिगचं आधी केलंय त्यांच्याकडंच करा, आणि त्यानंतरही महिना-दीड महिना कुंदाजवळ सोडू नका, तेवढे दिवस बीज शिल्लक असतंय.

टिळकवाडीची_काकू:
वाचून डोळ्यात पाणी आलं गं. लेकीला सांग, करड्याचं नाव मी सुचवते, तिळगूळ. पिल्लं द्यायची झाली तर एकटं कुणालाच देऊ नको, दोन माद्या एकत्र किंवा दोन भाऊ एकत्र, आणि घेणाऱ्याच्या घरी आधीचं कुठलं आहे ते विचारल्याशिवाय तर अजिबात नको. एक मादी मला चालेल, माझ्याकडची म्हातारी एकटी आहे.

शहापूर_बेळगाव:
काकू नाव ठेवलं, तिळगूळच. लेकीनं कॅलेंडरवर एकवीस दिवस मोजून गोल केलाय. त्या दिवशी तिघांना घेऊन आधी डॉक्टरांकडं चिकोडीला जाते, मग मादी ठरली की तुमच्याकडं.