मदत हवी आहे: वीज केंद्राच्या जनसुनावणीसाठी लेखी हरकत कशी लिहावी?

नमस्कार मंडळी,

विदर्भात कोळशावरच्या एका औष्णिक वीज केंद्रापासून चार किलोमीटरवर आमचं गाव आहे. तिथे ६६० मेगावॅटचा आणखी एक संच बसवायचा प्रस्ताव आलाय. जनसुनावणीला तीनच आठवडे उरलेत. मला तिथे बोलायचं आहे आणि त्याआधी लेखी हरकत द्यायची आहे, पण ती कशी लिहावी ते कळत नाहीये.

बोंडं फुटायच्या सुमारास राखेच्या तलावाकडून आमच्या वावराकडे वारं सुटतं. कापसावर करडा थर बसतो. व्यापारी मूठभर कापूस हातात घेऊन चोळतो आणि भाव पाडतो. नुकसानीचा पंचनामा मागायला गेलो, तर अवकाळीचा रकाना आहे, राखेचा नाही, असं सांगून परत पाठवलं. सासूबाईंना सहा वर्षांपासून दमा आहे. तो राखेनेच झाला असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलेलं नाही. मग हे हरकतीत घालावं की नाही?

दुसरी अडचण घरातलीच. माझे दीर त्याच केंद्रात कंत्राटी कामगार आहेत. ते म्हणतात, ‘वहिनी, संच नको म्हणता, मग मोटरला वीज कुठून आणणार?’ त्यांचा प्रश्न मला रास्त वाटतो. ड्यूटी करून आलेला हा माणूस रात्री बारा वाजता हातात बॅटरी घेऊन ओलिताला जातो, कारण आमच्या फीडरला अजून आलटून पालटून रात्रीचीच पाळी असते. त्यांना आणि त्यांच्यासारख्या गावातल्या चाळीसेक घरांना दुखवून मला काही नको आहे.

पर्यावरण अहवाल जिल्हा परिषदेत बसून पाहिला. मराठी सारांश चौदा पानांचा आणि मूळ इंग्रजी अहवाल सहाशेच्या वर. मी बी.एस्सी. आहे, तरी हवेच्या प्रकरणात अडकले. कुणी अशा सुनावणीला गेलं असेल तर कृपया सांगा, कशावर बोट ठेवायचं?

प्रतिसाद १

ताई, मी अशा चार सुनावण्यांना बसलो आहे. प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्याच्या केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो, सगळ्याचं चित्रीकरण होतं आणि शेवटी मुद्द्यांचं वाचन स्थानिक भाषेत करावंच लागतं. ते ऐकल्याशिवाय उठू नका. तुमचा मुद्दा सुटला असेल तर तिथेच हात वर करा. लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात आधीच देऊन पोच घ्या.

नुसतं ‘प्रदूषण होतं’ लिहिलं की ‘योग्य उपाय केले जातील’ एवढ्या उत्तरावर विषय संपतो. उत्तर देणाऱ्याला आकडा द्यावा लागेल असं विचारा. ६६० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला तर सुमारे १ कोटी ५८ लाख युनिट वीज होते. युनिटला ६०० ग्रॅमच्या आसपास कोळसा धरला तरी रोज नऊ हजार टनांवर जातो. आपल्या कोळशात राख तीस ते चाळीस टक्के. म्हणजे दिवसाला तीन हजार टन राख, ती कुठे जाणार? ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा पूर्ण वापर बंधनकारक केला आहे आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये पर्यावरण भरपाई ठेवली आहे. आज तलावात किती जुनी राख पडून आहे आणि मागच्या तीन वर्षांत किती उचलली, हे विचाराच.

हवेच्या प्रकरणात आधी नकाशा उघडा. मोजणी केंद्रं कुठे होती आणि मोजणी कोणत्या तीन महिन्यांत झाली? तुमचं गाव वाऱ्याच्या खालच्या बाजूला असूनही तिथे यंत्र नसेल, तर तोच तुमचा पहिला मुद्दा. शिवाय धुरातला गंधक काढणारी एफजीडी यंत्रणा. २०१५ मध्ये धुरातल्या गंधकाच्या मर्यादा ठरल्या, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रांचे ठिकाणानुसार ए, बी, सी गट पाडून सी गटाला गंधकाच्या मर्यादेतून सूट मिळाली. हे केंद्र कोणत्या गटात आहे, ते लेखी मागा.

सासूबाईंबद्दल कारण लिहू नका, मागणी लिहा: दहा किलोमीटरच्या परिघातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या श्वसनरुग्णांच्या नोंदी अहवालात का नाहीत?

प्रतिसाद २

मी डहाणूकडची. आमच्याकडे चिकूच्या बागा आणि ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र शेजारी शेजारी आहेत. लोक कोर्टात गेले, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. केंद्राला एफजीडी बसवायला लावलं ते त्यानंतर, २००७ मध्ये. इतकी वर्षं लागली, पण केंद्र बंद पडलं नाही आणि कुणाची रोजीरोटीही त्यामुळे गेली नाही. दिरांना हे जरूर सांगा.

ओलिताच्या विजेचं म्हणाल, तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून फीडरला दिवसा वीज देतात. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख मिळतात. तुमचा फीडर त्यात आहे का, ग्रामसभेत ठराव करून महावितरणला विचारा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल नकाशा काढला. आठ मोजणी केंद्रं आहेत, आमच्या बाजूला एकही नाही. दीर नकाशावर बराच वेळ वाकून बसले होते. सुनावणीत ते बोलणार नाहीत, पण त्यांनी एक मुद्दा घालायला सांगितला: कंत्राटी कामगारांची फुप्फुसाची तपासणी दरवर्षी व्हावी आणि अहवाल कामगाराच्या हातात मिळावा. तो मी पहिल्याच पानावर घेतला आहे. मसुदा रविवारपर्यंत इथे टाकते. हवेच्या प्रकरणाची बावीस पानं मराठीत समजावून द्यायला कुणाला दोन संध्याकाळ काढता येतील का?