शापुरजी साकलातवाला : बाणेदार की नुसतेच हेकट?

परळचा_भोंगा (धागालेखक)

दादाभाई नौरोजी शाळेतच भेटतात. मंचेरजी भावनगरी निदान अभ्यासकांना ठाऊक असतात. ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले तिसरे मुंबईकर पारशी मात्र कुणाच्या खिजगणतीत नाहीत. शापुरजी साकलातवाला : जन्म १८७४, जमशेटजी टाटांचे सख्खे भाचे. मामांच्या पोलाद कारखान्यासाठी खनिज शोधत रानं तुडवली, १९०५ मध्ये इंग्लंडला गेले आणि टाटांच्याच लंडन कचेरीत नोकरी करता करता कम्युनिस्ट झाले. १९२२ मध्ये लंडनच्या नॉर्थ बॅटर्सीतून खासदार.

माझं मत आधीच सांगतो, मग काय ते जोडे मारा. माणूस अस्सल, पण खासदारकी वाया घालवली. दोन वेळा मिळून जेमतेम साडेपाच वर्षं. त्यातले दोन महिने तुरुंगात. बाकीचा वेळ कधी आयर्लंडसाठी, कधी हिंदुस्थानासाठी भांडण्यात. बॅटर्सीच्या कामगाराच्या पदरात काय पडलं?

तिखटजाळ

साफ असहमत. पदरात काय पडलं, हे नगरसेवकाला विचारा. तुम्ही ज्याला 'दोन महिने तुरुंगात' म्हणून उडवून लावलंत ते जरा नीट बघा. १९२६ चा मे दिन, हाईड पार्कातली सभा, सार्वत्रिक संप तोंडावर आलेला. साकलातवालांनी सैनिकांना उघड सांगितलं की कामगारांवर गोळी चालवू नका. अटक झाली. कोर्ट म्हणालं, चांगल्या वर्तणुकीची हमी द्या आणि घरी जा. नाही दिली. वर्मवुड स्क्रब्जच्या कोठडीत दोन महिने काढले. मामा टाटा असलेल्या माणसाला हे टाळता आलं नसतं का?

नळावरची_रांग

टाळता आलं असतं, हाच तर मुद्दा आहे! सही केली असती तर संपाच्या ऐन धामधुमीत मतदारसंघाला खासदार मिळाला असता. बाणेदारपणाचं बिल बॅटर्सीने भरलं.

मतदारांनीच काय म्हटलं ते आकड्यांत बघा. १९२२ ला मजूर पक्षाचा पाठिंबा होता, दोनेक हजारांनी जिंकले. १९२३ ला १८६ मतांनी पडले. १९२४ ला कम्युनिस्ट म्हणून ५४२ मतांनी परत आले. आणि १९२९ ला थेट तिसरे.

त्याहून बोचणारी गोष्ट जॉन आर्चरची. १९१३ मध्ये बॅटर्सीचा महापौर झालेला हा कृष्णवर्णीय माणूस. साकलातवालांना निवडून आणण्यात याचा मोठा हात, त्यांचा निवडणूक एजंट. १९२९ ला तोच आर्चर साकलातवालांविरुद्ध उभ्या असलेल्या मजूर पक्षाच्या सँडर्सचा एजंट होता. ज्याने खांद्यावर घेतलं त्यानेच खाली ठेवलं. काहीतरी चुकलं असल्याशिवाय असं होत नाही.

जुनी_वही

आर्चरची गोष्ट खरी, पण अर्धीच सांगितलीत. मधल्या काळात मजूर पक्षाने कम्युनिस्टांना दारं बंद केली होती. आर्चर पक्षात राहिला, साकलातवाला बाहेर पडले. दोघांत भांडण झालं म्हणून नव्हे, घराच्या मधोमध भिंत बांधली गेली म्हणून. अर्थात १९२८ च्या सुमाराला कम्युनिस्टांनी मजूर पक्षालाच शत्रू ठरवायचं धोरण घेतलं, त्याला साकलातवालांचा पाठिंबा होता. म्हणजे भिंतीच्या दोन विटा त्यांच्याही.

परळचा_भोंगा

मान्य. पण मग १९२७ च्या नवजोतीचं, म्हणजे मुलांना पारशी धर्मात घेण्याच्या विधीचं, काय? कट्टर कम्युनिस्ट, आणि लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये पाच मुलांची नवजोत! पक्षानेही जाहीर कान उपटले. तत्त्वासाठी तुरुंगात जाणारा माणूस इथे कसा वाकला?

दादरचा_बावा

धागा तीन दिवस वाचतोय, आता राहवत नाही. पारशी घरातला आहे, म्हणून सांगतो.

साकलातवालांची बायको इंग्रज. मुंबईत १९०८ साली हायकोर्टाचा एक गाजलेला निकाल लागला होता. वाद सुरू झाला होता रतनजी दादाभाई टाटांच्या फ्रेंच बायकोवरून, म्हणजे साकलातवालांच्या नात्यातच. निकालाचा मथितार्थ असा : बाप पारशी आणि आई परकी असेल तर मूल पारशी धरलं जाईल, पण रीतसर धर्मात घेतलेलं असेल तरच. आता सांगा, नवजोतीत सदरा-कस्ती दिली नाही तर या पाच मुलांची मुंबईत ओळख काय? तुम्हाला ते कर्मकांड दिसतं. मला बाप दिसतो. माझ्या आजीने तर याला क्रांतीच म्हटलं असतं : परजातीच्या आईची मुलं, आणि तीही भर लंडनात.

नळावरची_रांग

बावाजी, हे माहीत नव्हतं. नवजोतीपुरते शब्द मागे.

पण गांधीजींशी वाद? त्याच १९२७ मध्ये भारतात आले, सभा गाजवल्या आणि गांधीजींनाच खुलं पत्र लिहिलं : चरख्याने मजूर संघटित होत नाही, लोकांना पाया पडू देऊ नका, 'महात्मा' म्हणवून घेऊ नका. काही आठवड्यांच्या पाहुण्याने यजमानाला एवढं सुनवावं?

तिखटजाळ

पाहुणा? मुंबईच्याच हवेत वाढलेल्या माणसाला इथे पाहुणा म्हणता? आणि गांधीजींना राग आला नाही, तो तुम्हाला का येतोय? त्यांनी 'यंग इंडिया'त सविस्तर उत्तर दिलं, मतं नाकारली, पण त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेतली नाही. भ्याले ते इंग्रज. दौऱ्यानंतर साकलातवालांना पुन्हा हिंदुस्थानात पाऊल ठेवू दिलं नाही. पुढच्याच वर्षी गिरणगावात सहा महिन्यांचा संप झाला, तो काय उगाच?

जुनी_वही

इथे लगाम घाला. १९२८ चा संप साकलातवालांच्या खात्यावर टाकू नका. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर चाळींतून आणि गिरण्यांच्या फाटकांवर आधीपासून राबत होते. पाहुणा भाषण करून बोटीत बसतो. वर्गणी गोळा करणारा इथेच असतो.

परळचा_भोंगा

माझे आजोबा त्या वर्गणीवाल्यांतलेच, म्हणून हे पटलं. नवजोतीवर माझा मुद्दा पडला, कबूल. खासदारकीवर मात्र मी हटत नाही. १९३६ च्या जानेवारीत ते गेले आणि त्यानंतर साधारण वर्षभराने स्पेनच्या यादवीत लढायला निघालेल्या ब्रिटिश स्वयंसेवकांनी आपल्या तुकडीला सुरुवातीला त्यांचंच नाव दिलं. रणांगणावर शोभणारं नाव आहे ते. संसदेच्या बाकावर मला दुसरं कुणीतरी हवं होतं.

तिखटजाळ

कोण? सँडर्स?