मेंटेनन्स, पोदेर आणि आमचे तात्या (सोसायटी ग्रुप, फोंडा)

सेक्रेटरी: बी-२०३, मेंटेनन्स भरला का म्हणून लिफ्टमध्ये तात्यांना विचारलं, ते हो हो म्हणाले, खात्यात तर काहीच नाही. परत विचारलं तर माझ्यावरच उखडले

ए-१०२: परवा गेटवर पण भलतंच बोलत होते, वॉचमनला वाटलं घेऊन आलेत 🙈

बी-२०३ (सून): घेऊन बिऊन काही नाही हो, तात्या फेणीला शिवत नाहीत. फेब्रुवारीत स्ट्रोक आला ना, मेंदूच्या डाव्या बाजूला, तेव्हापासून अफेझिया आहे. सगळं कळतं त्यांना पण शब्द सापडत नाही, चावी म्हणायचं असतं नि तोंडातून पेपर येतं, मग चुकलं हेही कळतं म्हणून स्वतःवरच चिडतात. हो-नाहीची तर कायम अदलाबदल, तेव्हा त्यांच्या हो वर हिशेब धरू नका

ए-१०२: सॉरी ग 🙏 मग लिहून दाखवता येत नाही?

बी-२०३ (सून): नाही ना, भाषाच अडकलीय, जिभेचा प्रश्न नाही. कोकणी आधी थोडी सुटली, मराठी मागून येतेय, बँकेतलं इंग्रजी अजून गायब

सी-३०१: आम्हाला नर्सिंगला होतं हे. १८६१ मध्ये पॅरिसला ब्रोका डॉक्टरकडे एक पेशंट होता, काहीही विचारा, बोलायला गेला की फक्त "तां तां". वारल्यावर मेंदू बघितला तर डावीकडे पुढच्या भागात इजा

ए-१०२: पण चवथीला तात्यांनी घुमट वाद्याच्या तालावर सगळ्या आरत्या म्हटल्या की!

बी-२०३ (सून): तेच तर! नातीचं नाव येत नाही आणि आरती अख्खी येते. पाठ असलेलं, गाण्यातलं, एक ते दहा आकडे, शिव्यासुद्धा 😅 आपोआप सुटतात

सेक्रेटरी: मग बोलायचं कसं त्यांच्याशी?

बी-२०३ (सून): आपल्या पाववाल्या पोदेराला बघा. भोंपू वाजला की तात्या खाली जातात, तो एका हातात उंडो नि एका हातात पोळी असे दोन तऱ्हेचे पाव धरून गप्प उभा राहतो, तात्या बोट दाखवतात, मग किती ते बोटांवर. झालं काम. आपण मात्र शब्द तोंडातून ओढून काढतो, नाहीतर ओरडतो, कान चांगले आहेत हो त्यांचे

सी-३०१: कुणाचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अचानक बिघडलं तर थांबू नका, लगेच १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन चालणार असेल तर साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं

सेक्रेटरी: वॉचमनला सांगतो आत्ताच

बी-२०३ (सून): आणि चेक संध्याकाळी मी आणून देते, तात्यांच्या सहीला वेळ लागतो